सही एकाची, भरवसा सगळ्यांचा

डेबियन लिनक्सवर एखाद्या पॅकेजची माहिती मागवली की नाव, आवृत्ती, आकार यांच्याबरोबर 'मेंटेनर' अशी एक ओळ येते. तिथे एका माणसाचं किंवा एखाद्या गटाचं नाव असतं आणि ईमेलचा पत्ता. उदाहरणादाखल देवनागरीचा लोहित फॉन्ट घ्या. हा फॉन्ट मुळात रेड हॅटने खुला केला. जोडाक्षरांसकट अक्षरं मांडण्याचं काम हार्फबझ नावाची वेगळीच लायब्ररी करते आणि ती लिहिणारे लोकही वेगळे. हे सगळं डेबियनसाठी बांधून देणारे आणखी तिसरेच. यातल्या कुणाशीही आपला करार झालेला नसतो. उलट, कसलीही हमी नाही असं परवान्यातच लिहिलेलं असतं. तरीही जगभरची यंत्रं अशी पॅकेजं रोज उतरवून घेतात आणि प्रशासकाच्या पूर्ण अधिकारानिशी बसवतात.

हा भरवसा भाबडा नाही. त्याच्यामागे नियम आहेत, रिवाज आहेत, वर्षानुवर्षं निभावलेली कामं आहेत. पण तो कुठे तुटतो हेही आता आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या तर मला त्यांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं. जबाबदारी वाटली गेली आहे असं सगळ्यांना वाटत होतं, पण वाटले गेले होते ते अधिकार आणि नावं. बदललेल्या ओळी बसून वाचण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

याचा सर्वांत बोलका दाखला डेबियनमधलाच आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजवर काम करताना मेंटेनरला व्हॅलग्रिंडचे इशारे दिसत होते. व्हॅलग्रिंड हे स्मृतीच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन. जिच्यात अजून काही भरलंच नाही अशी स्मृती हा प्रोग्रॅम वाचतो आहे, अशी त्याची तक्रार होती. मेंटेनरने दोन ओळी काढायचं ठरवलं. त्याने हे परस्पर केलं नाही. मूळ प्रकल्पाच्या विकासकांना विचारलं आणि त्याला अनुकूल उत्तरही मिळालं. उत्तर देणाऱ्याला वाटलं की हे दोष शोधण्यापुरतं चाललं आहे. विचारणाऱ्याला वाटलं की आपल्याला हिरवा कंदील मिळाला. त्या दोनपैकी एक ओळ मात्र यादृच्छिक संख्या तयार करण्यासाठी लागणारा बहुतेक सगळा कच्चा माल आत घालत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. सप्टेंबर २००६ पासून डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या गुप्त किल्ल्या कुणालाही आधीच मोजून ठेवता येतील इतक्या कच्च्या निघाल्या. लुचियानो बेल्लो या डेबियन विकासकाने हे शोधलं आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झालं. जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या.

त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरीच चिखलफेक झाली. मूळ प्रकल्पातली मंडळी म्हणाली, डेबियनसारख्या वितरकांनी आमच्या कोडला हात लावायचाच कशाला? वितरक म्हणाले, आम्ही विचारलं होतं. माझ्या मते दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं होतं. विचारणं आणि सांगणं झालं होतं. झालं नव्हतं ते एवढंच, की तो पॅच, म्हणजे केलेला बदल, त्याच्या अंतिम रूपात, डेबियनच्या सर्व वापरकर्त्यांकडे जाणार आहे हे लक्षात ठेवून, दुसऱ्या कुणीतरी वाचावा. दीड वर्षाहून अधिक काळ हा बदल सगळ्यांसमोर उघडा पडला होता. कोड उघडा असला की कुणीतरी पाहीलच, हा समज या प्रकरणाने मोडायला हवा होता. तो पुरता मोडला नाही.

डेबियनने नंतर काय केलं हे समजायला त्यांची मूळ घडी पाहावी लागते. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात आज सुमारे एक हजार डेव्हलपर आहेत आणि हजारो पॅकेजं. डेव्हलपर व्हायचं तर आधी आपली ओळख पटवावी लागते. आधीचे डेव्हलपर तुम्हाला प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून तुमच्या डिजिटल किल्लीवर सही करतात. मग कामाची तपासणी, तत्त्वांविषयीचे प्रश्न आणि मागच्या योगदानाची छाननी होते. यात महिने जातात. भारतात मुक्त सॉफ्टवेअरची संमेलनं भरतात तेव्हा कोपऱ्यात एकमेकांचे पासपोर्ट न्याहाळत उभी असलेली मंडळी दिसतात, ती याचसाठी. २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद डेबकॉन्फ कोचीला झाली, तेव्हा अशा सह्या घेण्याची सोय भारतीय विकासकांना घरबसल्या नाही तरी देशातल्या देशात झाली.

एवढं करून मिळालेला अधिकार मोठा असतो; तो आपल्याच पॅकेजपुरता बंदिस्त नसतो, आणि मला डेबियनच्या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. कोणताही डेव्हलपर दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती करून ती पाठवू शकतो. तिथे तिला 'एनएमयू' (नॉन-मेंटेनर अपलोड) म्हणतात. मात्र त्याला रिवाजाची वेसण आहे. दुरुस्ती केलेला पॅच मेंटेनरकडे पाठवायचा आणि पॅकेज 'विलंबित' रांगेत ठेवायचं. आठवडाभरापूर्वीच्या गंभीर दोषाची दुरुस्ती असेल तर दोन दिवस, किरकोळ असेल तर दहा दिवस. तेवढ्या अवधीत मेंटेनरने हरकत घेतली तर पाठवणारा आपलं पॅकेज मागे घेतो. आपल्या पॅकेजला बेलाशक हात लावा, आम्हाला राग नाही, असं सांगणाऱ्या मेंटेनरांची वेगळी यादीही आहे.

मेंटेनर बेपत्ता झाला तर? हा प्रश्न डेबियनमध्ये वर्षानुवर्षं भिडेपोटी टाळला जायचा. कुणाच्या हातातलं काम काढून घेणं कुणालाच आवडत नाही, त्यातून ते काम फुकट केलेलं असेल तर नाहीच नाही. २०१८ मध्ये डेव्हलपरांच्या मार्गदर्शिकेत 'सॅल्व्हेज' नावाची पद्धत आली. पॅकेजकडे दुर्लक्ष झाल्याची चिन्हं दिसत असतील तर इच्छुकाने उघड नोंद करायची, २१ दिवस वाट पाहायची आणि मेंटेनरने नाही म्हटलं नाही, तर किमान सात दिवसांच्या विलंबाने आपलं नाव लावून पॅकेज पाठवायचं. मेंटेनरने त्या मुदतीत एका ओळीचं उत्तर पाठवलं तरी प्रक्रिया थांबते. यात कुणाचा अपमान नाही आणि पॅकेजही वाऱ्यावर पडत नाही. माणसांच्या मानापमानाची इतकी समज असलेले नियम तंत्रज्ञानाच्या जगात फार थोडे आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला जावास्क्रिप्टचं एनपीएम. तिथे पॅकेज लिहिणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये वाचणारा वितरक नाहीच. लेखकाने एक आज्ञा दिली की नवी आवृत्ती जगाला खुली. त्यामुळे वेग आला, हजारो नवशिक्यांना आपलं काम लोकांपुढे ठेवता आलं, हे मोलाचंच आहे. पण मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून चिडून आपली पॅकेजं काढून घेतली, त्यात 'लेफ्टपॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेजही गेलं आणि जगभर बांधणीची कामं अडली. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'चं प्रकरण त्याहून गंभीर होतं. ते पॅकेज लेखक स्वतः वापरतही नव्हता. एका अनोळखी माणसाने, मी सांभाळतो, असं कळवलं आणि लेखकाने आनंदाने अधिकार देऊन टाकले. गृहनिर्माण सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणालाच नको असतं, म्हणून जो हो म्हणेल त्याच्या हाती चेकबुक जातं, तसंच हे. नव्या माणसाने एक छोटं पॅकेज जोडलं आणि त्यात कोपे नावाच्या बिटकॉइन पाकिटातून पैसे चोरणारा कोड दडवलेला होता. त्याच वर्षी आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहातही बेवारस पॅकेज दत्तक घेऊन कुणीतरी त्यात घातक ओळी घातल्या.

इव्हेंट-स्ट्रीमच्या लेखकावर लोक तुटून पडले. मला तो राग तेव्हाही पटला नव्हता. ज्या पॅकेजचा आठवड्याला लाखो वेळा वापर होतो आणि ज्यातून लेखकाला दमडीही मिळत नाही, ते त्याने आयुष्यभर गळ्यात बांधून घ्यावं असं कुठल्या हक्काने म्हणायचं? चूक असली तर ती हस्तांतराला कसलीच रीत नव्हती, ही.

मग आलं एक्सझेड. २९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार आहे. ते पोस्टग्रेसच्या वेगाची मोजमापं घेत होते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठीच्या एसएसएच सेवेला उगीचच अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असं त्यांना दिसलं. व्हॅलग्रिंडची एक विचित्र तक्रार काही आठवड्यांपूर्वी पाहिलेलीही त्यांना आठवली. ते धागा धरून मागे गेले.

जे सापडलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. घातक कोड प्रकल्पाच्या उघड भांडारात सरळ वाचता येईल असा नव्हताच. तो चाचणीसाठी ठेवलेल्या दोन दाबलेल्या फायलींत लपवला होता. त्यातल्या एकीचं नावच 'बिघडलेली फाइल' अशा अर्थाचं. बिघडलेली फाइल उघडून कोण पाहणार? तो बाहेर काढणारी ओळ फक्त प्रकाशित झालेल्या टारबॉलमधल्या, म्हणजे स्रोताच्या गठ्ठ्यातल्या, बांधणीच्या फाइलमध्ये होती, भांडारात नव्हती. शिवाय तो डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचं पॅकेज बांधलं जात असेल तरच जागा व्हायचा. गंमत म्हणजे एसएसएचला एक्सझेडची मुळात गरजच नाही. सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीला, देता यावी म्हणून काही वितरकांनी एसएसएचला एक पॅच लावला होता. त्यातून सिस्टमडीची लायब्ररी आत आली आणि तिच्या मागोमाग एक्सझेडची. म्हणजे तीन प्रकल्प, तीन मेंटेनर आणि त्यांच्यामधल्या सांध्यावर कुणाचीच नजर नाही. २००६ ची आठवण इथे येतेच.

हे करणारं 'जिया तान' हे नाव २०२१ पासून प्रकल्पात होतं. त्या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ नीट, उपयोगी काम झालं. मूळ मेंटेनर लासे कॉलिन अनेक वर्षं हे सॉफ्टवेअर एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांना निनावी वाटावेत अशा माणसांचे तगादे येऊ लागले. पॅच इतके दिवस का पडून आहेत, नवा मेंटेनर का नेमत नाही, प्रकल्पाची वाट लावली. त्यातलं एक नाव तर भारतीय वाटावं असं, 'जिगर कुमार'. या नावांचा मागचा पुढचा काहीच मागमूस नाही. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या मनःस्वास्थ्याच्या दीर्घ त्रासाचा उल्लेख केला आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे याची आठवण करून दिली. ते पत्र आज वाचताना पोटात तुटतं. दमलेल्या माणसाने मदत मागितली आणि ती देणारा हात आधीच ठरवून पुढे केलेला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आवृत्ती ५.६.० आल्यावर जिया तान आणि अशीच अनोळखी नावं डेबियन, फेडोरा आणि उबुंटू या वितरणांच्या मागे लागली, नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून. फेडोराच्या एका मेंटेनरने तर व्हॅलग्रिंडच्या तक्रारी मिटवण्यासाठी जिया तानबरोबर सद्भावाने काम केलं होतं. चोरदार डेबियनच्या अस्थिर शाखेत, फेडोराच्या चाचणी आवृत्तीत आणि ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये पोचलं होतं, स्थिर आवृत्त्यांत पोचायला काही आठवडे उरले होते. उबुंटूने तर आपली बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलून मधल्या काळात बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधली.

यानंतर एक्सझेड बंद पडलं नाही. कॉलिन परत आले, त्यांनी जिया तानच्या नावावरचे बदल तपासले आणि मे २०२४ च्या अखेरीस ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली. जेंटू लिनक्समधला एक मुरलेला मेंटेनर त्यांच्या मदतीला उभा राहिला. त्याला लोक वर्षानुवर्षांच्या कामातून ओळखत होते आणि त्याला हे पॅकेज वितरकाच्या बाजूने आधीच ठाऊक होतं. सहमेंटेनर असावा तर असा, असं मला वाटतं.

तांत्रिक उपायांवर या काळात पुष्कळ काम झालं आहे आणि ते गरजेचंच आहे. पायथनच्या पायपीआय संग्रहाने २०२४ पासून सर्व लेखकांना दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची केली. त्याआधी २०२३ मध्ये 'ट्रस्टेड पब्लिशिंग' आलं. त्यामुळे लेखकाला कायमचा पासवर्ड कुठे ठेवून द्यावा लागत नाही, बांधणी करणारी यंत्रणाच अल्पकालीन परवाना मिळवते. डेबियनमध्ये २०१३ च्या सुमारास सुरू झालेली 'रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स' ही चळवळ आज अनेक वितरणांत पसरली आहे. एकाच स्रोतापासून कुणीही, कुठेही बांधलं तरी बिट न् बिट तेच पॅकेज निघालं पाहिजे, हा तिचा आग्रह. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये कंपायलरमध्येच फसवणूक दडवता येते हे दाखवून दिलं होतं, त्या शंकेला दिलेलं हे उशिराचं पण ठोस उत्तर आहे.

पण यातलं काय एक्सझेडला अडवू शकलं असतं? दुहेरी पडताळणी नाही, कारण जिया तानकडे खराखुरा अधिकार होता. पुनर्बांधणीही नाही, कारण विषारी टारबॉलपासून सगळ्यांनी तंतोतंत सारखंच विषारी पॅकेज बांधलं असतं. टारबॉल आणि भांडार यांची तुलना केली असती तर ती ओळ दिसली असती. आता अनेक वितरक थेट भांडारातून स्रोत घ्यायला लागले आहेत, ते याच कारणाने. दुहेरी पडताळणीलाही चकवता येतं हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. एनपीएमच्या एका नावाजलेल्या लेखकाला बनावट पत्त्यावरून पत्र आलं की तुमची पडताळणी नव्याने करा. तो फसला आणि चॉक, डीबग यांसारखी जगभर वापरली जाणारी पॅकेजं काही तास बाधित राहिली. त्याने ताबडतोब उघडपणे कबुली दिली, म्हणून दुरुस्ती लवकर झाली. त्याला शिव्या देणाऱ्यांनी पुढच्या फसलेल्या माणसाला गप्प बसायला शिकवलं, असं मी म्हणेन.

मालकीचा प्रश्नही त्याच महिन्यात उफाळला. रुबी भाषेचा पॅकेजसंग्रह चालवणाऱ्या संस्थेने सुरक्षेचं कारण देऊन जुन्या मेंटेनरांचे अधिकार काढून घेतले आणि त्या समाजात मोठी फूट पडली. पुढच्या महिन्यात भाषेच्या मूळ चमूने त्या कोडभांडाराची देखरेख आपल्याकडे घेतली. सर्व्हरचं बिल भरणारी संस्था आणि वर्षानुवर्षं कोड राखणारी माणसं यांच्यात कुणाचा शब्द शेवटचा, हे भांडण होण्याआधी लिहून ठेवलेलं नसलं तर काय होतं ते इथे दिसलं. डेबियनला घटना आहे, मतदान आहे, तांत्रिक समिती आहे. ती यंत्रणा संथ आहे, पण तिचा शब्द कुठे संपतो हे सर्वांना आधी माहीत असतं.

आता पैशाकडे. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला तेव्हा कळलं की निम्म्या इंटरनेटचा आधार असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. भारतात झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला दहा लाख डॉलर. ही पावलं मला मनापासून मोलाची वाटतात. त्यांची मर्यादा एवढीच की पैसा बहुधा नव्या कोडसाठी किंवा एकरकमी तपासणीसाठी मिळतो. दर आठवड्याला दुसऱ्याचा पॅच वाचत बसण्यासाठी तो क्वचितच मिळतो.

आणि ते वाचणंच मेंटेनरला खाऊन टाकतं. जून २०२५ मध्ये एक्सएमएल वाचणाऱ्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीच्या एकांड्या मेंटेनरने सांगितलं की सुरक्षेच्या दोषांना यापुढे गुप्ततेची खास वागणूक नाही, इतर दोषांसारखेच ते उघडपणे नोंदवले जातील आणि सवड मिळेल तशी दुरुस्ती होईल. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या ज्या कोडवर उभ्या आहेत तो आठवड्यातले अनेक तास फुकट खर्चून मी का राखायचा, असा त्याचा रास्त सवाल होता. काहींना हे बेजबाबदार वाटलं. मला वाटतं, न पेलणारं आश्वासन मागे घेणं हेही जबाबदारीचंच वागणं आहे. जे वापरतात त्यांना निदान आपण कशावर उभे आहोत ते कळलं.

आता कायद्याकडे. युरोपीय संघाचा डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेसाठीचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली दोष कळवण्याची बंधनं सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. व्यापाराविना कोड लिहिणाऱ्यांना त्याने बाहेर ठेवलं आहे, संस्थांसाठी 'स्ट्यूअर्ड' असा हलक्या बंधनांचा वर्ग केला आहे आणि मुख्य भार उत्पादन विकणाऱ्यावर टाकला आहे. वापरलेल्या घटकात दोष आढळला तर तो मूळ मेंटेनरला कळवायचा आणि दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही द्यायचा. युरोपात माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही हे लागू आहे. आजवर त्यांच्यातल्या कित्येक जणींनी आपल्यापुरता पॅच लावून विषय संपवला, आता तो वर पाठवावा लागेल. मात्र कंपन्यांनी आपल्या इंजिनिअरांना पगारी वेळ देऊन त्या प्रकल्पांत इतरांचे पॅच वाचायला बसवलं नाही, तर २०२७ नंतर लिबएक्सएमएल२ सारख्या प्रकल्पांकडे येणाऱ्या पॅचची रांग वाढेल आणि ती उपसणारा माणूस तितकाच एकटा असेल.